चंक्रमण सांगताना वाटेचाही विचार हवा

आपल्यापैकी प्रत्येकाच्या केसपेपरवर एक वाक्य दिवसातून अनेकदा लिहिले जाते : ‘रोज अर्धा तास चालावे.’ प्रमेह, स्थौल्य, अग्निमांद्य, मलावष्टंभ, अनिद्रा अशा नाना व्याधींत हा सल्ला आपण देतो आणि तो शास्त्रशुद्ध आहे. औषधाची मात्रा, अनुपान, काल, पथ्य हे सर्व आपण तपशिलाने सांगतो. चालण्याच्या बाबतीत मात्र ‘किती’ एवढेच सांगून थांबतो. ‘कोठे’ हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. नातेपुते परिसरात सुमारे दोन दशके व्यवसाय करताना आमचे मत असे झाले आहे की, आजच्या काळात हा प्रश्न चिकित्सेचाच भाग आहे. प्रस्तुत लेखात त्याचा ऊहापोह करण्याचा प्रयत्न केला आहे.

शास्त्रातील चालणे

चालण्याविषयी आपल्या संहिता अतिशय नेमकेपणाने बोलतात. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात अध्वा आणि चंक्रमण या दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या आहेत. अध्वा म्हणजे लांबचा प्रवास, वाटचाल. तो कफ, स्थौल्य व सौकुमार्य यांचा नाश करतो, पण वर्णाचीही हानी करतो. चंक्रमण म्हणजे देहाला फार पीडा होणार नाही असे चालणे. ते आयुष्य, बल, मेधा व अग्नी देणारे आणि इंद्रियांना जागे ठेवणारे सांगितले आहे. म्हणजे चालणे हे औषधाप्रमाणेच मात्रेने घ्यावयाचे आहे. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात पंचकर्मानंतर वर्ज्य करावयाच्या आठ गोष्टींत अतिचंक्रमणाची गणना केली आहे, हेही आपण जाणतोच.

प्रमेहाच्या चिकित्सेत तर सुश्रुताचार्यांनी निर्धन रुग्णाला पादत्राण व छत्री न घेता, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावयास सांगितले आहे. अर्थात ही चिकित्सा सरसकट नाही. स्थूल व बलवान प्रमेही आणि कृश व दुर्बल प्रमेही हा चरकाचार्यांनी केलेला भेद येथे विसरून चालत नाही. ज्याच्या तळपायाची संवेदना मंदावली आहे, अशा आजच्या मधुमेही रुग्णाला तापलेल्या डांबरावर अनवाणी चालू देणे म्हणजे व्रणाला आमंत्रण होय.

आमच्या विषयाला सर्वांत जवळचे वचन मात्र वाग्भटाचार्यांचे आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील दिनचर्या अध्यायात ते सांगतात की, छत्री व पादत्राणे घेऊन, पुढे युगमात्र अंतरावर दृष्टी ठेवून चालावे. आणि रात्री निकडीच्या कामासाठी बाहेर पडावेच लागले तर हाती दंड, डोक्यावर शिरस्त्राण व सोबत साहाय्यक असावा. युग म्हणजे बैलाच्या मानेवरचे जू. त्याच्या लांबीचे, म्हणजे सुमारे चार हातांचे हे अंतर. काटा, खड्डा, सर्प, विंचू हे त्या काळातील वाटेवरचे धोके चार हातांवर नजर ठेवल्याने टळत असत. चालण्याच्या सुरक्षिततेचा विचार दिनचर्येत केला गेला होता, हे यातून स्पष्ट होते. आज धोका बदलला आहे. म्हणून उपायही नव्याने योजावा लागेल.

चिकित्सालयात मिळणारी उत्तरे

‘चालता का?’ या प्रश्नाला आमच्याकडे जी उत्तरे मिळतात, त्यांपैकी तीन प्रातिनिधिक म्हणून देत आहोत.

पहिले रुग्ण निवृत्त शिक्षक, वय ६७, प्रमेहाचे. तीन वर्षे पहाटे नियमित चालत. आहार व चालणे यांमुळे रक्तशर्करा चांगली आटोक्यात होती. मार्गशीर्षातील एका पहाटे रस्त्याच्या कडेने जात असताना मागून आलेल्या दुचाकीने धडक दिली व खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले. मात्र त्यानंतर ते घराच्या बाहेर चालावयास गेले नाहीत. दीड वर्षात वजन वाढले आणि शर्कराही वाढली. अपघाताची नोंद हाडाच्या दवाखान्यात झाली. त्यातून पुन्हा बळावलेल्या प्रमेहाची नोंद कोठेच नाही.

दुसऱ्या रुग्णा ५८ वर्षांच्या, संधिगत वाताच्या. घर रस्त्याच्या एका बाजूच्या वस्तीवर. देऊळ, किराणा दुकान व मुलीचे घर दुसऱ्या बाजूला. ‘गुडघ्याचं काही नाही हो वैद्यबुवा, रस्ता ओलांडायचीच भीती वाटते,’ असे त्यांचे शब्द. आता त्या मुलगा दुचाकीवरून नेईल तेव्हाच जातात.

तिसरे उत्तर एका गृहस्थांचे. मुलाकडे अमेरिकेत टेक्सास राज्यात सहा महिने राहून आले. तेथील हवा शुद्ध, रस्ते प्रशस्त, घर मोठे. परंतु दूध आणायलासुद्धा मोटारीने जावे लागे. वसाहतीच्या फाटकाबाहेर पडले की पदपथ संपे. सहा महिन्यांत सात किलो वजन वाढवून ते परतले.

या तिघांनाही चालण्याचे महत्त्व ठाऊक होते आणि तिघांचीही इच्छा होती. उणीव होती ती वाटेची.

नातेपुते : पायी चालणाऱ्यांच्या मार्गावरचे गाव

आपले नातेपुते हे चालणाऱ्यांच्याच वाटेवर वसले आहे. आळंदीहून निघालेली संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी बरडहून धर्मपुरीमार्गे सोलापूर जिल्ह्यात येते आणि पहिला मुक्काम येथेच करते. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेसाठी कावडी घेऊन भाविक मुंगी घाट चढतात. लाखो माणसे पायी चालतात, ही गोष्ट येथे नवलाची नाही.

याच मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. दिवे घाट ते मोहोळ हा सुमारे २२१ किलोमीटरचा संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५. दोन्ही बाजूंना पालखीसाठी स्वतंत्र पायवाट हे या योजनेचे वैशिष्ट्य म्हणून सांगण्यात आले. ही कल्पना स्वागतार्ह आहे. महामार्गाच्या आराखड्यात पायी चालणाऱ्याला नाव घेऊन जागा दिली जावी, असे आपल्या देशात क्वचितच घडते.

परंतु वारीचे दिवस वर्षातून थोडे. त्या काळात वाहतूक वळविली जाते, पोलीस बंदोबस्त असतो, रस्ता वारकऱ्यांचा असतो. उरलेले सुमारे अकरा महिने त्याच रस्त्याच्या कडेने विद्यार्थी, ऊसतोड मजूर, भाजीवाल्या आणि आपले रुग्ण चालत असतात. गाळप हंगामात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस जातो. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टीही नसते. कडेला उभ्या वाहनांमुळे चालणाऱ्याला डांबरावर उतरावे लागते.

आषाढी व कार्तिकीच्या मोठ्या सोहळ्यांखेरीज लहान दिंड्याही वर्षभर चालत असतात. त्यांना असे संरक्षण नसते. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी दिवे घाटात दिंडीत यंत्रवाहन शिरून दोन वारकऱ्यांचा मृत्यू झाला. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातून कार्तिकीसाठी पंढरपूरला निघालेल्या दिंडीत सांगोला तालुक्यातील जुनोनीजवळ मोटार घुसली आणि सात वारकरी मृत्युमुखी पडले. दुसरी घटना तर आपल्याच जिल्ह्यातील आहे.

देशाचा विचार केला तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दिवसाला सुमारे ९०. एकूण मृत्यूंपैकी ३६ टक्के राष्ट्रीय महामार्गांवर झाले; देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत मात्र या महामार्गांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास आहे. एखाद्या ज्वराने दिवसाला ९० माणसे दगावली असती तर आपण वैद्यमंडळी स्वस्थ बसलो असतो काय?

अमेरिकेपासून घ्यावयाचा बोध

मोठा रस्ता म्हणजे प्रगती, अशी आपली समजूत आहे. ज्या देशाने ही समजूत सर्वांत आधी प्रत्यक्षात आणली, त्या अमेरिकेचा अनुभव म्हणूनच पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील शहरे आडवी पसरली. नियमांनी घरे एकीकडे आणि दुकाने, शाळा, कार्यालये दुसरीकडे केली. त्यांना जोडण्यासाठी पाच-पाच, सात-सात पदरी रस्ते झाले. ओलांडण्याच्या जागा दूर दूर, आणि अनेक ठिकाणी पदपथच नाही. फिनिक्स, ह्यूस्टन, अटलांटा ही अशा पसरलेल्या शहरांची उदाहरणे. तेथे २००९ मध्ये ४,१०९ पादचाऱ्यांचा मृत्यू झाला होता. २०२२ मध्ये हा आकडा ७,५२२ वर गेला. चारांपैकी तीनांहून अधिक मृत्यू अंधारात झाले. संपत्ती, तंत्रज्ञान, उत्तम रुग्णालये असूनही हे घडले.

२०१० मध्ये जॉर्जिया राज्यातील मॅरिएटा येथे घडलेली एक घटना विचार करावयास लावणारी आहे. एक आई मुलांसह बसमधून उतरली. बसथांबा तिच्या घराच्या अगदी समोर, पण रस्त्याच्या पलीकडे होता. नियमाने ओलांडण्याची जागा सुमारे अर्धा किलोमीटर दूर होती. ती थेट ओलांडू लागली असता मोटारीने तिच्या चार वर्षांच्या मुलाला चिरडले. मद्य घेतलेला चालक पळून गेला. त्याला शिक्षा झाली. परंतु २०११ मध्ये त्या आईलाही मुलाच्या मृत्यूस कारणीभूत म्हणून ज्यूरीने दोषी ठरविले. पुढे न्यायाधीशांनी तिला तुरुंगात न धाडता नव्याने खटल्याचा पर्याय दिला. थांबा तेथे ठेवणाऱ्यांना आणि ओलांडण्याची जागा न करणाऱ्यांना मात्र कोणीही जाब विचारला नाही.

त्याच देशात वेगळे उदाहरणही आहे. न्यू जर्सी राज्यातील होबोकेन या लहान, दाट वस्तीच्या शहरात जानेवारी २०१७ नंतर सलग सात वर्षे रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही. त्यांनी केलेल्या उपायांत चौकाच्या कोपऱ्यांवरील वाहने हटविणे हा एक प्रमुख उपाय होता. कोपरा मोकळा असला की चालकाला चालणारा दिसतो आणि चालणाऱ्याला वाहन दिसते. या उपायाला फार खर्च येत नाही.

आपल्याकडेही लहान गावे आता रस्त्याच्या कडेने लांबत चालली आहेत. मंगल कार्यालय, पेट्रोल पंप, शाळा, अकृषिक भूखंड हे सर्व महामार्गालगत हवे असते. बाह्यवळण झाले की नवी वस्ती तिकडे सरकते, आणि गाव व वस्ती यांच्या मधून वेगवान रस्ता जातो. अमेरिकेतील मोठ्या शहरांचे दुखणे नातेपुत्यासारख्या गावात लहान रूपात अंकुरते आहे. व्याधीचे पूर्वरूप ओळखणे हे तर आपले कामच आहे.

प्रज्ञापराध कोणाचा?

अपघात झाला की ‘बघून चालायला नको का?’ असे आपण सहज म्हणून जातो. या म्हणण्यात तथ्य किती, ते साध्या गणिताने पडताळून पाहू. वृद्ध व्यक्ती सेकंदाला साधारण पाऊण मीटर चालते असे धरू. दुभाजक व दोन्ही कडा धरून २४ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास तिला ३२ सेकंद लागतील. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन तेवढ्या वेळात ५३० मीटरहून अधिक अंतर कापते. म्हणजे या आजीबाईंना अर्ध्या किलोमीटरपलीकडचे वाहन दिसले पाहिजे आणि त्याचा वेगही ओळखता आला पाहिजे. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांकडून ही अपेक्षा करणे योग्य नव्हे. मध्ये थांबण्यास सुरक्षित दुभाजक असला तर तिला एका वेळी सुमारे १० मीटरच ओलांडावे लागतील, आणि हेच अंतर सव्वादोनशे मीटरांवर येईल. रुग्णाच्या डोळ्यांत काही फरक न पडता धोका निम्म्याहून कमी होतो. फरक पडतो तो केवळ रस्त्याच्या रचनेमुळे.

वेगाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला की तिची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता साडेचार पटीने वाढते.

चरकसंहितेच्या विमानस्थानात तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन आहे. माणसांची प्रकृती, आहार, बल, वय वेगवेगळे असूनही एकाच वेळी अनेकांचा नाश का होतो, या प्रश्नाचे उत्तर आचार्य देतात : वायू, उदक, देश व काल हे सर्वांना समान असलेले भाव बिघडले म्हणजे. त्याच्या मुळाशी अधर्म आणि प्रज्ञापराध सांगताना ते राज्यकर्ते व अधिकारी यांच्या वर्तनाकडेही बोट दाखवितात. आमच्या अल्पमतीप्रमाणे रस्ता हा देशाचाच भाग आहे. शिक्षक असोत, शाळकरी मुलगी असो वा ऊसतोड मजूर, प्रकृती निराळ्या असूनही ते एकाच रस्त्यावर एकाच प्रकारे जखमी होत असतील, तर दोष प्रत्येकाच्या चालण्यात शोधणे हे निदान अपुरे आहे.

वैद्यांनी काय करावे?

१. केसपेपरवर विहाराच्या रकान्यात ‘कोठे चालता? किती वाजता? वाटेत मोठा रस्ता ओलांडता का?’ हे तीन प्रश्न जोडावेत.

२. चालण्याची वाटही लिहून द्यावी. शाळेचे मैदान, देवळाचे आवार, कालव्याची किंवा शेताची रहदारी नसलेली वाट, घराची गच्ची यांपैकी जे जवळ असेल ते सुचवावे. जेवणानंतरच्या शतपावलीस अंगणही पुरते. अर्धा तास सलग जमत नसल्यास दहा-दहा मिनिटे तीनदा चालले तरी चालते.

३. हिवाळ्यात पहाटेच्या अंधाराऐवजी उजाडल्यावर चालण्यास सांगावे. अंधारात जाणे अटळ असल्यास फिकट किंवा परावर्तक पट्टीचे कपडे, हाती विजेरी व सोबत कोणीतरी असावे. वाग्भटाचार्यांच्या दंड, शिरस्त्राण व सहायक यांचे हे आजचे रूप समजावे.

४. पदपथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, म्हणजे उजव्या कडेने चालण्यास सांगावे. कानाला मोबाईल लावून चालू नये.

५. नेत्रतर्पणानंतर दृष्टी काही काळ अंधूक राहते. शोधन कर्मानंतर बल कमी असते. निद्राकर औषधांनी किंवा रक्तदाबावरील काही औषधांनी भोवळ येऊ शकते. अशा रुग्णांना एकट्याने रस्त्यावर न सोडता सोबत कोणी आहे का, हे विचारावे.

६. अपघातातील जखमी व्यक्ती प्रथम आपल्या दारी येण्याचा संभव असतो. रक्तस्राव थांबविणे, मान व पाठ न हलविणे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविणे, एवढे तत्काळ करावे. महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने (कलम १३४ अ) संरक्षण दिले आहे. भीतीपोटी कोणी मागे राहू नये.

औषधालय चालकांना विनंती

आपली दुकाने बहुधा बाजारातील मुख्य रस्त्यावर असतात. तेथे येणारा ग्राहक हा बहुतेकदा रुग्ण किंवा त्याचा वृद्ध नातेवाईक असतो. दुकानासमोरची पायरी, जाहिरातीचा उभा फलक, आसव-अरिष्टांची खोकी आणि ग्राहकांच्या दुचाकी यांनी चालण्याची जागा व्यापली, तर त्याच रुग्णाला वाहनांच्या रांगेत उतरावे लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत किमान १.८ मीटर रुंद व २.२ मीटर उंचीपर्यंत अडथळा नसलेला पदपथ सांगितला आहे. तो बांधणे नगरपंचायतीचे काम. आपल्या दुकानापुढची जागा मोकळी ठेवणे मात्र आपल्या हाती आहे. दुकान कोपऱ्यावर असल्यास तेथे वाहने उभी राहू न देणे, ही होबोकेनचीच चिकित्सा होय. आत येण्यासाठी उतार व हाताला आधार असेल तर संधिवाताचे रुग्ण दुवा देतील.

गावपातळीवर

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून राज्यांना त्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सांगितले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८ अ अन्वये रस्त्याच्या सदोष रचनेबद्दल संबंधित यंत्रणा व कंत्राटदार यांना जबाबदार धरता येते. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला होता. नातेपुत्यास आता नगरपंचायत आहे. शाळा सुटण्याच्या वेळी वेग कमी करणारे उपाय, बसथांब्याजवळच ओलांडण्याची जागा, दुभाजकात थांबण्यास निवारा, पालखीच्या पायवाटेवर वर्षभर दिवाबत्ती व अतिक्रमणबंदी, आणि हंगामापूर्वी कारखान्यांमार्फत ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या : एवढ्या मागण्या अवास्तव नाहीत.

अशी मागणी करताना वैद्याच्या शब्दाला गावात वजन असते, कारण कोणत्या वळणावर कोणाचे हाड मोडले हे त्याला ठाऊक असते. रुग्णाचे नाव न लिहिता केवळ जागा, वेळ व दुखापत यांची नोंद एका वहीत ठेवली तरी वर्षभरात गावाचा नकाशा तयार होईल. असा नकाशा पुढे ठेवून केलेले निवेदन डावलणे कोणासही सोपे जात नाही.

आपल्या तालुका शाखांनी येत्या आषाढीपूर्वी अशी एक वही सुरू करावी, आणि त्यातील नोंदी संघटनेच्या बैठकीत मांडाव्यात, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना व औषधालय चालकांना नम्र विनंती आहे. धर्मपुरीपासून माळशिरसपर्यंतच्या रस्त्याच्या नोंदी एकत्र करण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू.